त्याच्यापुढे हा हमखास चालतो

एप्रिल ते सप्टेंबर, बेसबॉलच्या मोसमात, अमेरिकेत रोज सकाळी एक आकडा उठतो आणि कामाला लागतो. 'अमुक बॅटर, तमुक पिचरपुढे : १० पैकी ५, होम रन २.' एवढंच. वाचणाऱ्याला पुढचं काही लागत नाही. तो आपल्या कागदावरच्या फँटसी संघातला कालचा माणूस काढतो, हा घालतो आणि त्याच झपाट्यात वीस डॉलरची पैजही लावून मोकळा होतो. कोणी विचारलंच तर सांगतो, "अभ्यास केलाय."

अभ्यास म्हणजे काय, तर दहा वेळा एक माणूस दुसऱ्यासमोर बॅट घेऊन उभा राहिला. तेही तीन-चार वर्षांत मिळून. या काळात बॅटरने संघ बदललेला असतो, पिचरचा कोपर दुखून बरा झालेला असतो, त्याने एखादा नवा चेंडू शिकून घेतलेला असतो. पाच हिटांपैकी एखादी बॅटच्या मुठीला लागून इनफिल्डरच्या डोक्यावरून ओघळलेली असते. आकड्यात तीही हिट आणि कुंपणाच्या भिंतीवर आदळलेलीही हिट. आकडा असा समदर्शी असतो.

तिकडे याला 'बॅटर व्हर्सेस पिचर' म्हणतात, लाडाने बीव्हीपी. जरा गणित करू. शाळेतलंच आहे.

समजा, लीगमधला प्रत्येक बॅटर अगदी सारखा आहे. सरासरी .२५०, म्हणजे चार वेळा उभा राहिला की एक हिट. कोणाचा कोणावर वचक नाही, कोणी कोणाचं गिऱ्हाईक नाही. दिवसाला १५ सामने, दोन्हीकडचे नऊ-नऊ बॅटर, म्हणजे समोरच्या स्टार्टर पिचरशी २७० जोड्या. प्रत्येक जोडी याआधी दहा वेळा भिडलेली आहे असं धरा. आता निव्वळ योगायोगानेच सुमारे २१ जोड्यांत '१० पैकी ५ किंवा जास्त' निघेल आणि १५ जोड्यांत '१० पैकी ०'. म्हणजे कोणातही काही खास नसताना रोज सकाळी एकवीस कर्दनकाळ आणि पंधरा बळीचे बकरे तयार. रोजचा मजकूर भरायला एवढा माल भरपूर झाला. उरलेल्या २३४ जोड्यांना कोणी विचारत नाही. '१० पैकी ३' वाचून वीस डॉलर खिशातून काढणारा माणूस अजून जन्मायचाय.

या खुळाच्या मुळाशी एक खरोखरच हुशार माणूस आहे, ही यातली पंचाईत. मुळाशी मूर्ख असता तर खूळ कधीच मेलं असतं.

अर्ल वीव्हर. बाल्टिमोर ओरिओल्सचा मॅनेजर. बुटका, तोंडाचा फाटका, अंपायरच्या अंगावर धावून जाण्यात हयात घालवलेला. १९६८ मध्ये संघ हाती घेतला, १९७० मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. डगआउटमध्ये कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी हा गडी कार्डं बाळगून होता. कोणता बॅटर कोणत्या पिचरपुढे कसा खेळलाय, ते त्यावर लिहिलेलं. बूग पॉवेल हा १९७० चा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू; पण समोर डेट्रॉइटचा पिचर मिकी लोलिच असला की वीव्हर या धिप्पाड गड्याला कधी बाकावर बसवायचा आणि चिको सालमन नावाच्या किरकोळ खेळाडूला उतरवायचा. लोक अवाक. कार्डांची महती तिथून पसरली.

आता कार्ड जरा उलटून पाहा. पॉवेल डावखुरा. लोलिचही डावखुरा. सालमन उजवा. डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर जड जातो, ही गोष्ट कार्डं नसतानाही बेसबॉलला ठाऊक होती. बोस्टन ब्रेव्ह्जच्या जॉर्ज स्टॉलिंग्जने १९१४ मध्ये आउटफिल्डमध्ये डावे-उजवे आलटून पालटून खेळवले आणि तळाला रुतलेल्या संघाला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. म्हणजे वीव्हरच्या कार्डावर वरवर दोन माणसांचं वैर दिसत होतं. खाली दोन हातांचा जुनाच हिशेब होता.

शिवाय त्या कार्डांत पीक तरी होतं. लोलिचने १९७१ मध्ये ३७६ इनिंग टाकल्या, २९ सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत एकट्याने संपवले. एकाच विभागातले दोन संघ तेव्हा मोसमात १८ वेळा भिडायचे. त्यामुळे पॉवेल-लोलिच ही जोडी पुनःपुन्हा समोरासमोर यायची. आज? २०२४ मध्ये आख्ख्या मेजर लीगमध्ये २०० इनिंगचा टप्पा फक्त चार पिचरांनी गाठला. स्टार्टर पाच-सहा इनिंग टाकतो आणि बर्फाची पिशवी खांद्याला बांधून बसतो. त्यात २०२३ पासून वेळापत्रक बदललं. प्रत्येक संघ उरलेल्या सगळ्या २९ संघांशी खेळतो आणि विभागातल्या शेजाऱ्याशी १९ च्या जागी १३ सामने. जोडीचं पीक असं दरसाल घटतंय आणि बीव्हीपीची दुकानं दरसाल वाढतायत. शेती बुडाली की शेतमालाच्या जाहिराती वाढतात, असा काही नियम असावा.

२००६ मध्ये टॉम टँगो (हे टोपणनाव), मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन या तिघांनी 'द बुक' नावाचं पुस्तक लिहिलं. नावातच माज आहे; पण तो त्यांना शोभतो. त्यांनी काय केलं, तर ज्या जोड्यांत बॅटर पिचरवर जबर भारी पडला होता त्या निवडल्या, ज्यांत पार झोपला होता त्याही निवडल्या, आणि त्याच जोड्या पुढे भिडल्या तेव्हा काय झालं ते पाहिलं. भारी पडलेले आपल्या नेहमीच्या वकुबावर परत आले. झोपलेलेही आपल्या नेहमीच्या वकुबावर परत आले. मागचा हिशेब पुढे जवळजवळ काहीच सांगेना. पुस्तक येऊन दोन दशकं होत आली. मॅनेजरांनी वाचलं, संघांनी ते लिहिणाऱ्यांसारख्यांना पगारावर घेतलं, आणि वीस डॉलरवाल्याने अजून उघडलेलं नाही. बरोबरच आहे. त्यात 'आज कोणाला घ्यावं' हे दिलेलं नाही.

"मग टोनी ग्विनचं काय?" असा प्रश्न इथे हमखास येतो. विचारणाऱ्याला आपण विकेट काढल्यासारखं वाटत असतं. सॅन डिएगोचा बॅटर टोनी ग्विन, अटलांटाचा पिचर ग्रेग मॅडक्स. १०७ वेळा समोरासमोर. ग्विनची सरासरी .४१५ आणि स्ट्राइकआउट शून्य. भल्याभल्यांना बावळट ठरवणारा मॅडक्स याला एकदाही तीन स्ट्राइकवर घरी पाठवू शकला नाही. झकास गोष्ट आहे. फक्त ग्विनची एकूण कारकिर्दीतली सरासरी .३३८ होती आणि स्ट्राइकआउट तो कोणापुढेच फारसा होत नसे. त्याला मॅडक्सपुढे उतरवायला मॅडक्सचा हिशेब कशाला हवा? तो रविवारी सकाळी झोपेतून उठवूनही उतरवायचाच माणूस. दुसरा लाडका दाखला पॉल गोल्डश्मिटचा. त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या टिम लिन्सेकमला सात होम रन ठोकले. पण सर्वोत्तम पिचरचे लिन्सेकमचे दोन साय यंग किताब २००८ आणि २००९ चे. गोल्डश्मिट मेजर लीगमध्ये आला ऑगस्ट २०११ मध्ये, आणि पुढच्याच मोसमात लिन्सेकम गडगडला. एक जिना चढत होता, दुसरा उतरत होता. मधल्या पायरीवर गाठ पडली, तिला आपण वैर म्हणतो.

डाव्या-उजव्याचं मात्र खरं आहे, आणि ते का खरं आहे हेही कळतं. पिचर साडेसाठ फुटांवरून ताशी ९५ मैलांनी चेंडू सोडतो. बॅटरच्या हाती सेकंदाचे चार दशांश. विरुद्ध हाताच्या पिचरचा चेंडू हातातून सुटताना नीट दिसतो आणि वळला तर बॅटरकडे वळतो. त्याच हाताचा पिचर असला की चेंडू पाठीमागून आल्यासारखा येतो आणि पळून जातो. त्यात डावखुरे पिचर मुळात कमी. त्यामुळे डावखुऱ्या बॅटरला त्यांची सवयच नसते. फिलाडेल्फियाचा रायन हॉवर्ड उजव्या पिचरांपुढे राक्षस होता. २००९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क यांकीजने त्याच्यापुढे सबाथिया, पेटिट आणि रिलीफला दामासो मार्ते असे डावखुरे लावले. राक्षस एका सिरीजमध्ये १३ वेळा स्ट्राइकआउट झाला. तो तेव्हाचा विक्रम होता. पण यातही गंमत अशी, की एखाद्या विशिष्ट उजव्या बॅटरमध्ये हा डाव्या-उजव्याचा फरक इतरांपेक्षा जास्त आहे का, हे त्याच्या स्वतःच्या आकड्यांवरून कळायला डावखुऱ्यांपुढे दोनेक हजार वेळा उभं राहावं लागतं. म्हणजे त्याची कारकीर्द उताराला लागते तेव्हा आपल्याला त्याच्याबद्दल खात्री होते. लग्नाळू मुलाची माहिती बारशाला मिळावी तसं.

आणि हे सगळं पाळूनही काय होतं ते पाहायचं असेल तर २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना पाहावा. टॅम्पा बे रेजचा ब्लेक स्नेल त्या रात्री दैवी टाकत होता. ७३ चेंडू, दोन हिट, नऊ स्ट्राइकआउट, रेज १-० ने पुढे. सहाव्या इनिंगला दुसरी हिट पडली आणि मॅनेजर केव्हिन कॅश उठला. पुढे येणार होते डॉजर्सचे पहिले तीन बॅटर : बेट्स, सीगर, टर्नर. त्या रात्रीचा स्नेलपुढचा त्यांचा हिशेब सहापैकी शून्य, आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट. पण कॅशच्या हातात मोठा हिशेब होता : तिसऱ्यांदा तोच पिचर पाहिला की बॅटर सुधारतात. हजारो डावांतून निघालेली, पक्की गोष्ट. त्याने स्नेलला काढलं. स्नेलच्या तोंडचे शब्द टीव्हीवर ऐकू आले नाहीत, पण वाचता आले. बदली आलेल्या निक अँडरसनला बेट्सने डबल मारला, एक वाइल्ड पिच सुटला, एक घरंगळता ग्राउंडर पडला, आणि दोन धावा. डॉजर्स चँपियन.

दुसऱ्या दिवशी सगळा देश कॅशवर तुटून पडला : "सहापैकी शून्य दिसत नव्हते का?" दिसत होते की. आता सांगा, कॅश चुकला का? माझ्या मते निर्णय धड होता आणि निकाल वाईट आला. पण या एका रात्रीवरून 'छोटा हिशेब खरा, मोठा खोटा' असा निष्कर्ष काढणारे लोक तेच, जे दहापैकी पाचवर वीस डॉलर लावतात. त्यांना एकच रात्र पुरते. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे नेहमी ताजा दाखला असतो.

फँटसीकडे वळू. हा खेळ १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट नावाच्या संपादकाने काढला. मॅनहॅटनमधल्या 'ला रोटिसेरी फ्रान्सेज' या हॉटेलात मित्रमंडळी जेवायला जमायची, त्यावरून 'रोटिसेरी लीग'. खऱ्या खेळाडूंचा खोटा संघ करायचा आणि खऱ्या आकड्यांवर खोटी स्पर्धा जिंकायची. ज्याने खेळ शोधला तो ओक्रेंट स्वतः ती लीग कधीच जिंकला नाही. या धंद्यातली ही सर्वांत प्रामाणिक माहिती आहे, आणि ती कुठल्याही जाहिरातीत नाही.

ओक्रेंटच्या खेळात संघ मोसमभर सांभाळावा लागे. तेवढा धीर बाजाराला परवडेना. २००९ मध्ये फॅनड्युएल आलं, २०१२ मध्ये ड्राफ्टकिंग्ज. रोज नवा संघ, रोज नवी फी. आणि रोजचा खेळ म्हटला की रोजचं कारण लागतं. इथे बीव्हीपीचं नशीब उघडलं.

त्याला कायद्याचंही बळ मिळालं. इंटरनेटवरच्या जुगाराचे पैसे रोखायला अमेरिकन काँग्रेसने २००६ मध्ये कायदा केला, त्यात फँटसीला सूट ठेवली. अट अशी, की जिंकणं हे खेळणाऱ्यांच्या ज्ञानावर आणि कौशल्यावर ठरायला हवं. झालं. आता ज्ञान दिसायला नको? दहापैकी पाच, मंगळवारी रात्री, बाहेरगावी, अर्धवट चंद्र असताना : जितके रकाने तितकं कौशल्य. नाणं उडवणाऱ्याने आधी चष्मा लावला तर तो तज्ज्ञ ठरतो, असा तो कायदा.

मुंबईकराला हे सगळं ऐकून काही आठवलं नाही तर तो मुंबईकर नव्हे. वरळीचा मटका. मूळ जुगार न्यूयॉर्कच्या कॉटन एक्सचेंजच्या भावांवर चालायचा. कापसाचा भाव उघडला किती, बंद झाला किती, तिथून तारेने आकडा यायचा आणि मुंबईत लोक लावायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो आकडा यायचा बंद झाला, तेव्हा कल्याणजी भगत आणि मग रतन खत्री यांनी आकडे इथेच काढायला सुरुवात केली. गिरणगावात त्या काळी चार्ट काढणारे असत. मागचे सगळे ओपन-क्लोज वहीत, रकान्यात, तांबड्या-निळ्या शाईने. 'सोमवारी सत्ता आला की गुरुवारी तिऱ्या येतोच.' वही इतकी नेटकी की कारकुनाने लाजावं. आकडे चिठ्ठीतून निघायचे. मागच्या सोमवारशी त्यांचं काडीचं नातं नव्हतं. पण चार्टवाल्याला चाळीत मान होता. तो हरला तरी 'अभ्यास करून' हरायचा. बीव्हीपी म्हणजे अमेरिकन चार्ट. फरक एवढाच, की तिकडे वही कंपनी पुरवते, रंगीत, आणि लावायचं बटण त्याच पानावर असतं.

न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला राहणारा आपला मराठी माणूस या पानावर लवकर रुळतो तो उगीच नाही. आयपीएलची कॉमेंटरी ऐकून त्याचा कान तयार झालेला असतो : अमक्याने तमक्याला १४ चेंडूंत तीनदा बाद केलंय! ड्रीम११ ही मुंबईचीच कंपनी, २००८ ची. कोर्टात 'कौशल्याचा खेळ' म्हणून एकामागून एक खटले जिंकत आली, भारतीय संघाच्या छातीवर नाव झळकलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि कौशल्य एका आठवड्यात बेकायदा झालं. आशिया कपला संघ कोऱ्या छातीने उतरला.

आता बीव्हीपीचा एक खरा उपयोग सांगतो, फुकट आहे. फँटसीच्या मोठ्या स्पर्धेत हजारो लोक शिरतात आणि बक्षीस वरच्या मूठभरांना मिळतं. तिथे नुसता चांगला बॅटर घेऊन भागत नाही. जो इतरांनी घेतलेला नाही असा चांगला बॅटर लागतो. '१० पैकी ५' चा गवगवा झाला की तो बॅटर निम्म्या संघांत जाऊन बसतो. तो चालला तर तुमच्याबरोबर निम्मी जनता पुढे सरकते, म्हणजे तुम्ही होता तिथेच. नाही चालला तर त्याला न घेणारे पुढे. त्यामुळे मुरलेला खेळाडू हा आकडा बॅटरसाठी बघत नाही, तुमच्यासाठी बघतो. तुम्ही आज कुठे गर्दी करणार, ते त्यातून त्याला आदल्या रात्रीच कळतं.

हे किती मोलाचं आहे ते २०१५ मध्ये उघड झालं. कोणत्या खेळाडूला किती टक्के लोकांनी घेतलंय, ही माहिती ड्राफ्टकिंग्जच्या एका नोकराच्या हातून वेळेआधी बाहेर पडली. त्याच आठवड्यात त्याने फॅनड्युएलवर साडेतीन लाख डॉलर जिंकलेले निघाले. खेळ फुटबॉलचा होता. बोंबाबोंब झाली. कंपनीने नेमलेल्या वकिलांनी चौकशी केली आणि सांगितलं की संघ भरायची मुदत संपल्यावरच माहिती त्याच्या हाती आली होती, गैर काही नाही. बरं. पण बोंब कशावरून झाली ते लक्षात घ्या. 'याला बॅटरांची गुपितं कळली' असं कोणी म्हणालं नाही. 'याला आमचे संघ कळले' असं म्हणाले.

पैजेचं गणित आणखी रोखठोक. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९२ चा खेळांवरच्या पैजा रोखणारा कायदा मोडीत काढला. न्यू जर्सी त्यासाठी वर्षानुवर्षं भांडत होती. आज तीसहून जास्त राज्यांत दुकान उघडं आहे. बेसबॉलपटू पीट रोझला पैजांपायी १९८९ मध्ये जन्मभर हाकलणाऱ्या मेजर लीगने नोव्हेंबर २०१८ मध्ये एमजीएम या कसिनो कंपनीशी भागीदारी केली. रोझ सप्टेंबर २०२४ मध्ये वारला. मे २०२५ मध्ये लीगने त्याचं नाव बंदीच्या यादीतून काढलं. लीगला घाई नव्हती.

साध्या पैजेला शंभर जिंकायला एकशेदहा लावावे लागतात. म्हणजे नुसतं बरोबरीत सुटायला शंभरात जवळपास साडेबावन्न वेळा बरोबर यावं लागतं. बरं, डावं-उजवं, डेन्व्हरच्या मैलभर उंचीवरची विरळ हवा, बॅटर कितव्या नंबरावर येतो, हे जे खरोखर उपयोगाचं आहे ते भाव लावणाऱ्याने आधीच भावात धरलेलं असतं. उरतं ते दहापैकी पाच. ते त्याने मुद्दाम तुमच्यासाठी सोडलेलं असतं. मग चार बॅटर एकाच पैजेत बांधायचे, सगळे चालले तर घबाड. चार सारख्या शक्यतेच्या पैजांना खरा भाव सोळा पट हवा. हाती पडतात सव्वातेरा. म्हणजे शंभरातले सतरा डॉलर पहिल्या चेंडूआधी गेले. चारांपैकी तीन चालले की माणूस म्हणतो, "थोडक्यात हुकलं." चौथा कधीही चालत नाही. त्याचा तो व्यवसायच नाही.

आणि चुकून कोणी खरंच जिंकायला लागलाच, तर त्याच्या पैजेची मर्यादा खाली आणतात. शंभर लावतो म्हणाला तर तीन डॉलर घेतात. मॅसॅच्युसेट्सच्या गेमिंग कमिशनने मे २०२४ मध्ये याच विषयावर बैठक बोलावली, तर बहुतेक कंपन्या आल्याच नाहीत. तुमची मर्यादा कधी कमी झाली नसेल, तर त्या सन्मानाचा अर्थ एकदा शांतपणे लावून पाहा.

पैसे न लावता हौस भागवायची तर मेजर लीगचाच 'बीट द स्ट्रीक' आहे. जो डिमॅजिओने १९४१ मध्ये सलग ५६ सामन्यांत हिट मारली. तुम्ही रोज एखादा बॅटर निवडा, त्याने हिट मारली की तुमची मालिका पुढे. सलग ५७ साधले तर ५६ लाख डॉलर. रोज वेगळा माणूस घ्यायची मुभा, ३० संघांतून, सगळे आकडे हाताशी. २००१ पासून खेळ चालू आहे, दोन दशकं उलटून गेली, बक्षीस तिजोरीत आहे. .३०० चा उत्तम बॅटर चार वेळा उभा राहिला तर एक तरी हिट मारण्याची शक्यता ७६ टक्के. हे सलग सत्तावन्न वेळा गुणून पाहा. कॅल्क्युलेटरवर शून्यं मोजताना जेवणाची वेळ होईल.

मग आतली माहिती असणाऱ्यांचं काय? बेसबॉलपटू शोहेई ओहतानीचा दुभाषी इप्पेई मिझुहारा एंजल्सच्या डगआउटमध्ये बसायचा. कोण बरा, कोण दुखावलेला, कोणाचा आज मूड नाही, सगळं जेवताना कानावर पडणारा माणूस. सरकारी कागदांनुसार त्याने दोन वर्षांत १९ हजारांच्या आसपास पैजा लावल्या, चार कोटी डॉलरांवर हरला, ओहतानीच्या खात्यातून जवळजवळ १ कोटी ७० लाख चोरले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ५७ महिन्यांची शिक्षा घेतली. त्या १९ हजारांत बेसबॉलवर लावलेली पैज सापडली नाही. ज्याला बेसबॉल आतून दिसत होतं, तो बेसबॉल सोडून सगळ्यावर लावत होता.

आणि पुढचा चेंडू कसा येणार हे खात्रीने कोणाला माहीत असतं? जो टाकणार त्याला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रुकलिनच्या सरकारी वकिलांनी क्लीव्हलंड गार्डियन्सच्या इमॅन्युएल क्लासे आणि लुइस ऑर्टिझ या दोन पिचरांवर आरोप ठेवले : अमुक चेंडू स्ट्राइकच्या बाहेर पडेल, तमुक इतक्या वेगाचा असेल, हे पैज लावणाऱ्यांना आधी सांगून तसाच चेंडू टाकला, आणि त्यावर चार लाख डॉलरांहून जास्त जिंकले गेले. दोघांनीही आरोप नाकारले आहेत. खटला व्हायचा तेव्हा होईल. लीगने आणि पैजवाल्या कंपन्यांनी मात्र लगेच तातडीची उपाययोजना केली. एकट्या चेंडूवरची पैज बंद केलेली नाही. ती २०० डॉलरच्या आत लावायची आणि दुसरीशी बांधायची नाही, एवढंच.